स्फोटाचा आवाज उशिरा येतो

प्रश्न एका महाविद्यालयात पत्रकारिता शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचा आहे. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना ‘शस्त्रं आणि समाज’ या विषयावर चार-पाच माहितीपट दाखवायचे आहेत. कोणते दाखवावेत, कोणत्या क्रमानं, आणि पाहताना मुलांना काय शोधायला सांगावं? मुलांनी नंतर स्वतःच दहा मिनिटांचं काही करायचं म्हटलं, तर विषय कोणता द्यावा?

मॅडम, मी संकलक आहे. सत्तावीस वर्षं माहितीपट कापतो आणि जोडतो. सुरुवातीचे स्टीनबेकवर, म्हणजे फिल्म कापायच्या टेबलावर केले, पुढचे सगळे संगणकावर. त्यामुळे हे उत्तर टेबलावर बसून दिसलेलं आहे, समीक्षकाचं नाही.

यादीआधी या विषयातली मुख्य अडचण सांगतो. शस्त्र देखणं असतं. क्षेपणास्त्र उडताना पाहा, धुराची शेपटी, खाली लांबलेली सावली, वर निळं आकाश. असा शॉट हातात आला की तो कापवत नाही. एका वाहिनीसाठी मी क्षेपणास्त्रांवर तासाभराचा कार्यक्रम जोडला होता. उत्पादकांकडून आलेलं फुटेज फुकट, झकास, ट्रायपॉडवरून घेतलेलं. त्याच क्षेपणास्त्रानं घर गमावलेल्या माणसांचं फुटेज मात्र हलणारं, अंधारं, आणि एका मिनिटाला अमुक डॉलर असा दर लावलेलं. निर्मात्यानं दर पाहिला आणि ती माणसं कार्यक्रमातून गेली. कुणी मुद्दाम लपवाछपवी केली नाही, बजेटनंच संकलन केलं. आणखी एक गंमत. अमेरिकी सरकारनं स्वतः चित्रित केलेल्या गोष्टींवर त्या देशात स्वामित्वहक्क नसतो. जगभरच्या वाहिन्यांवर युद्धावरच्या कार्यक्रमांत सगळीकडे अमेरिकी विमानंच का उडतात, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

मुलांना पहिल्या तासाला माहितीपट दाखवूच नका. अणुस्फोटाचा कुठलाही जुना शॉट लावा, पन्नास सेकंद पुरे. मग विचारा, आवाज कधी आला? बहुतेक शॉट्समध्ये झळाळी आणि धडाम एकाच क्षणी असतं. हे खोटं आहे. गावाकडच्या कोणत्याही मुलाला माहीत असतं की वीज आधी चमकते आणि गडगडाट मागून येतो. आवाजाला एक किलोमीटर कापायला सुमारे तीन सेकंद लागतात. १६ जुलै १९४५ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिली चाचणी झाली, तेव्हा सर्वांत जवळचे निरीक्षक नऊ-एक किलोमीटरवर होते. म्हणजे उजेड आणि आवाज यांच्यामध्ये जवळपास अर्ध्या मिनिटाची शांतता होती. बहुतेक चाचण्यांची चित्रफीत मुळात मुकीच आहे. तो धडाम माझ्यासारख्या कुणीतरी साउंड लायब्ररीतून आणून उजेडाखाली चिकटवलेला असतो. मीही चिकटवला आहे. न चिकटवता एकदा दाखवलं, तेव्हा निर्माता म्हणाला, “साउंड गेलाय का?”

जपानी माणसांनी हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बला बोलीभाषेत ‘पिका-दोन’ म्हटलं. पिका म्हणजे लख्ख उजेड, दोन म्हणजे धडाम. जे लांब होते त्यांना दोन्ही मिळालं. जे अगदी जवळ होते त्यांतल्या वाचलेल्या अनेकांना फक्त ‘पिका’च आठवतो. कोण किती अंतरावर उभं होतं, हे त्या एका शब्दातून कळतं. माहितीपटात कॅमेरा किती अंतरावर उभा आहे, हे मुलांना दर वेळी विचारायला लावा. बाकीचं आपोआप येतं.

आता यादी. पहिला सोळा मिनिटांचा, १९७० सालचा, हिरोशिमा-नागासाकीवरचा, एरिक बार्नो यांनी केलेला. बार्नो आपल्याला परके नाहीत. भारतीय सिनेमाच्या इतिहासावरचं एक मूलभूत पुस्तक त्यांनी एस. कृष्णस्वामींबरोबर १९६३ साली लिहिलं होतं. या माहितीपटातलं चित्रण मात्र त्यांचं नाही. १९४५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अकिरा इवासाकी यांच्या जपानी चमूनं दोन्ही शहरांत ते केलं. नागासाकीत त्यांच्या एका कॅमेरामनला अमेरिकी लष्करी पोलिसांनी पकडलं आणि काम थांबवलं. नंतर अमेरिकी देखरेखीखाली ते पुरं करू दिलं, आणि पुरं झाल्यावर सगळं उचलून अमेरिकेला नेऊन गुप्त म्हणून ठेवलं. वीस-बावीस वर्षं ते कुणी पाहिलं नाही. १९६७मध्ये एक प्रत जपानला परत मिळाली, ती बातमी बार्नोंच्या हाती लागली, आणि त्यांनी वॉशिंग्टनहून पावणेतीन तासांच्या आसपासचं ते चित्रण मागवलं.

पावणेतीन तासांतून सोळा मिनिटं काढणं म्हणजे काय, हे मुलांना सांगा. मूळ चित्रण बरंचसं शास्त्रीय मोजमापासाठी होतं. वाकलेले गर्डर, जळालेली झाडं, पुलावर उमटलेल्या कठड्यांच्या सावल्या. त्या सावल्यांचे कोन मोजून बॉम्ब आकाशात नेमका कुठे फुटला हे काढलं गेलं. माणसांचं चित्रण त्यात फारच थोडं. बार्नोंनी ते थोडं सगळं वापरलं आणि वस्तूंच्या मोजमापाच्या मध्यावर आणून ठेवलं. निवेदन कोरडं आहे. आवाज चढत नाही. संकलक म्हणून मला हेवा वाटतो तो याचा. हाताशी असलेलं सर्वांत भयानक दृश्य सुरुवातीला किंवा शेवटी टाकायचा मोह प्रत्येकाला होतो.

दुसरा हारून फारोकी यांचा, १९६९चा, नापामवरचा, म्हणजे व्हिएतनाम युद्धात वापरलेल्या, अंगाला चिकटून जळणाऱ्या इंधनावरचा, पंचवीस मिनिटांच्या आतबाहेर. फारोकी जर्मन दिग्दर्शक, त्यांचे वडील मूळचे भारतातले. कृष्णधवल, टेबलापाशी बसलेला एक तरुण, म्हणजे फारोकी स्वतः. ते एका व्हिएतनामी माणसाची साक्ष वाचून दाखवतात. मग म्हणतात की जखमांची चित्रं दाखवली तर तुम्ही डोळे मिटाल, आधी चित्रांपुढे, मग आठवणीपुढे, मग वस्तुस्थितीपुढे. आणि पेटती सिगारेट उचलून स्वतःच्या हातावर विझवतात. निवेदक सांगतो की सिगारेट ४०० अंशांवर जळते, नापाम ३००० अंशांवर. संपलं. नापामनं भाजलेलं शरीर न दाखवता नापाम कळलं.

पुढचा भाग अमेरिकेतल्या मिडलंड इथल्या, नापाम बनवणाऱ्या डाऊ केमिकलच्या कारखान्याबद्दल आहे, पण चित्रित झाला जर्मनीत, साध्या खोल्यांत, नटांचे चेहरे कोरे ठेवून. रसायनशास्त्रज्ञ आपापलं काम करतात, एकेकाकडे कामाचा एकेकच तुकडा. त्या काळच्या नापाममधला चिकटपणा पॉलिस्टायरीनमुळे यायचा, ज्याचे आपण चहाचे पांढरे कप करतो. शेवटी एक कोडं आहे. व्हॅक्यूम क्लीनरच्या कारखान्यातला कामगार बायकोसाठी रोज एक सुटा भाग घरी नेतो, पण घरी जोडतो तेव्हा दर वेळी मशीनगनच तयार होते. दुसऱ्याला वाटतं की कारखान्यात बंदुका बनतात. तो भाग चोरून जोडतो, तर व्हॅक्यूम क्लीनर तयार!

आपल्या मुलांना हे कोडं चटकन कळतं, कारण भाषाच मदतीला येते. मराठीत सुताराच्या पेटीतलं असतं तेही हत्यार आणि सैनिकाच्या हातातलं असतं तेही हत्यार. खंडेनवमीला घरात तलवार असेल तर तलवारीला, नसेल तर स्क्रू-ड्रायव्हर आणि पान्याला हळदकुंकू लागतं. वर्कशॉपमध्ये लेथ मशीनला झेंडूचा हार पडतो. त्या लेथवर काय कातलं जातं हे हाराला माहीत नसतं. हा माहितीपट दाखवल्यावर मी दर वेळी खंडेनवमीचा विषय काढतो आणि वर्ग बोलायला लागतो.

तिसऱ्यासाठी तुम्हाला निवड देतो. ‘द अॅटॉमिक कॅफे’ (१९८२) किंवा ‘रेडिओ बिकिनी’. पहिल्यात निवेदन अजिबात नाही, १९४०-५०च्या दशकांतली अमेरिकी सरकारी प्रचारपटांची कात्रणंच एकमेकांशी बोलतात. बॉम्ब पडला तर बाकाखाली शिरा, असं शाळकरी मुलांना शिकवणारं कासवाचं कार्टूनही त्यात आहे. मुलं खूप हसतात, आणि मला तेच नको असतं. जुन्या काळावर हसणं सोपं. वेळ कमी असेल तर ‘रेडिओ बिकिनी’ दाखवा. १९४६मध्ये प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटावरच्या १६७ रहिवाशांना चाचण्यांसाठी हलवलं गेलं. नौदलाचा अधिकारी त्यांना विचारतो, मानवजातीच्या भल्यासाठी तुम्ही बेट सोडाल का, आणि त्यांचा प्रमुख होकार देतो. हा प्रसंग जगानं बातमीपटात पाहिला. या माहितीपटात त्या प्रसंगाचे न वापरलेले टेक आहेत. संमती पुन्हा पुन्हा, कॅमेऱ्याला नीट येईपर्यंत घेतली गेली. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला यापेक्षा वेगळा धडा लागत नाही. १९५८पर्यंत बिकिनीवर २३ स्फोट झाले.

चौथा आपला. आनंद पटवर्धन यांचा ‘जंग और अमन’, २००२ सालचा, जवळपास तीन तासांचा. याला एक अख्खी दुपार द्या. मधे चहा ठेवा, पण तुकड्यातुकड्यांत दाखवू नका.

तो गांधीजींच्या हत्येपासून सुरू होतो आणि मे १९९८च्या पोखरण चाचण्यांपाशी येतो. ११ मे १९९८. त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती, आणि महाराष्ट्रात आंबेडकरी समाजाला ती तारीख कशी बोचली, हे आज वीस वर्षांच्या मुलांना सांगितल्याशिवाय कळत नाही. पुढे चाचणीस्थळाजवळचं खेतोलाई गाव येतं, युरेनियमच्या खाणींचं जादुगोडा येतं, पाकिस्तान येतं, हिरोशिमाची म्हातारी माणसं येतात, आणि वॉशिंग्टनमधल्या संग्रहालयात बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचं प्रदर्शन कसं मांडावं यावरून झालेला वाद येतो. प्रदर्शनातून होरपळलेली माणसं काढली गेली आणि विमानच उरलं. देखण्या शस्त्राचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

माझा आवडता भाग पाकिस्तानातल्या शाळकरी मुलींचा आहे. त्या वक्तृत्वाच्या आवेशात बॉम्बच्या बाजूनं बोलतात. नंतर पटवर्धन त्यांच्याशी गप्पा मारतात, तेव्हा आवेश उतरतो आणि कळतं की बोलणं हे स्पर्धेतलं बोलणं होतं. आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धा ज्यांनी गाजवल्या आहेत ते या ठिकाणी खुर्चीत चुळबुळतात. मीही जिल्हा पातळीवर एक ढाल मिळवली होती, विषय सांगत नाही.

तक्रारही सांगतो. लांबी जास्त आहे, आणि विनोद काही ठिकाणी इतका हातखंडा आहे की समोरचा माणूस पुरता बोलायच्या आधीच आपण त्याला हसतो. चाचण्यांचा जल्लोष करणारे सगळेच मूर्ख नसतात. फटाके फोडणाऱ्यांपैकी एखाद्याच्या घरी जाऊन दोन तास बसायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. पण सेन्सॉर मंडळानं सुचवलेल्या काटछाटी त्यांनी मान्य केल्या नाहीत, कोर्टात गेले, आणि २००३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानं माहितीपट एकही कट न लागता मोकळा झाला. कोणते कट मागितले होते आणि का, ही चर्चा वर्गात अवश्य करा. जादुगोड्यावर मुलांना जास्त हवं असेल तर श्रीप्रकाश यांचा १९९९चा माहितीपट शोधा. तो सगळा वेळ तिथल्या आदिवासी वस्त्यांना देतो.

पाचवा ‘डार्विन्स नाइटमेअर’, हुबर्ट साउपर, २००४. वरवर पाहता हा माशांवरचा माहितीपट. टांझानियातलं म्वांझा, व्हिक्टोरिया सरोवर, तिथे बाहेरून सोडलेला नाइल पर्च हा मासा, त्यानं संपवलेले बाकीचे मासे, आणि युरोपला फिले, म्हणजे माशाचे काटे काढलेले तुकडे, घेऊन जाणारी जुनी रशियन बनावटीची मालवाहू विमानं. दिग्दर्शक सगळ्यांना एकच प्रश्न विचारत राहतो, विमानं येताना काय आणतात? रिकामी येतात, असं उत्तर मिळतं. पुन्हा विचारतो. अखेर एक वैमानिक खाली बघत सांगतो की एकदा अंगोलाला रणगाड्यांसारखं काही नेलं होतं, आणि परतताना जोहान्सबर्गहून द्राक्षं. नाताळला अंगोलाच्या मुलांना बंदुका मिळाल्या आणि युरोपातल्या मुलांना द्राक्षं. विमानांतली शस्त्रं पडद्यावर आलेलीच नसतात. या माहितीपटावर टांझानियात मोठी नाराजी झाली, आणि पुरावा पुरेसा आहे का यावर फ्रान्समध्ये वाद कोर्टापर्यंत गेला. कबुली एका माणसाची, कॅमेरा हातात धरलेला, त्यावर केवढा डोलारा उभा करायचा? मुलांना दोन गट करून भांडू द्या.

‘बोलिंग फॉर कोलंबाइन’ (२००२) यादीत नाही, म्हणून तुम्ही विचाराल. दाखवा, पण सगळ्यांत शेवटी आणि संकलनाचा धडा म्हणून. २० एप्रिल १९९९ला कोलोराडोतल्या शाळेत दोन विद्यार्थ्यांनी १२ विद्यार्थी आणि १ शिक्षक मारले, तिथून मायकेल मूर अमेरिकेच्या बंदूकवेडाकडे जातात. जखमी झालेल्या दोन मुलांना घेऊन ते केमार्ट या दुकानसाखळीच्या मुख्यालयात गेले आणि त्या कंपनीनं पिस्तुलाच्या गोळ्या विकणं बंद करण्याचं जाहीर केलं. माहितीपटानं पडद्यावरच काहीतरी घडवून आणल्याची अशी उदाहरणं थोडी. पण त्याच माहितीपटात कोलंबाइनच्या शोकदृश्यानंतर लगेच बंदूकधारकांच्या संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष, नट चार्लटन हेस्टन बंदूक उंचावून माझ्या मेलेल्या हातातूनच ती घ्यावी लागेल, असं गरजताना दिसतात, आणि पुढच्या कटला त्या संघटनेची कोलंबाइननंतरची डेन्व्हरची सभा येते. ती गर्जना मुळात वर्षभरानंतरची, दुसऱ्या राज्यातली. बारकाईनं पाहिलं तर अंगावरचे कपडे बदललेले दिसतात. बाजू बरोबर असली म्हणून कट बरोबर होत नाही. हे माझ्या धंद्यातल्या लोकांनाही पटवावं लागतं.

‘द फॉग ऑफ वॉर’, अमेरिकेचे माजी संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांच्यावरचा, हुशार मुलांना घरी पाहायला सांगा. त्यात टोकियोवर विमानांतून बॉम्बच्या जागी आकडे पडतात, तो शॉट पाहून घ्या. ड्रोनवरच्या नव्या माहितीपटांनी मला अजून फारसं हलवलेलं नाही. आकाशातून घेतलेलं राखाडी चित्र इतकं वापरून झालंय की ते आता चित्रपटांच्या जाहिरातीतही असतं.

पाहताना करायचं एक काम सांगतो, ते कुठल्याही माहितीपटाला लागू पडतं. मुलांना वहीत दोन रकाने पाडायला सांगा. ज्यांचं नाव पडद्यावर खाली लिहून येतं ते एका रकान्यात, ज्यांचं येत नाही ते दुसऱ्यात. सेनाधिकारी, तज्ज्ञ, मंत्री पहिल्या रकान्यात पडतात. दुसऱ्यात ‘एक बाई’, ‘एक गावकरी’, ‘जखमी मुलगा’. मी स्वतः जोडलेल्या कामांवर हे करून पाहिलं आणि तीन कामं तरी पुन्हा उघडावीशी वाटली.

राहिला मुलांनी करायचा माहितीपट. लांब जाऊ नका. महाराष्ट्राइतके आयुध कारखाने फार कमी राज्यांत आहेत: खडकी, देहूरोड, वरणगाव, भुसावळ, अंबाझरी, भद्रावती, भंडारा. खडकीचा तर १८६९चा. या गावांत दोन-तीन पिढ्यांची लग्नं, घरं, शिक्षणं त्या पगारावर झालेली आहेत, आणि तिथल्या कुणालाही विचारलं की तुम्ही काय बनवता, तर उत्तर येतं, “फॅक्टरीत आहे.” या दोन शब्दांवर दहा मिनिटं सहज होतात.

किंवा मुंबईची मुलं असतील तर व्हिक्टोरिया गोदी. १४ एप्रिल १९४४ला ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, सोबत कापसाच्या गाठी. जुन्या मुंबईकराला विचारा, तो आधी उडालेल्या सोन्याच्या विटांची गोष्ट सांगेल. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, ती गोष्ट नंतर, विचारलंत तर. विदर्भातल्या मुलांना पुलगाव आहे. ३०-३१ मे २०१६च्या रात्री तिथल्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली, तिथेही मेले त्यांत बहुसंख्य आग विझवायला गेलेलेच होते.

परवानगीचं आधी बघा. कारखाना आणि भांडार ही प्रतिबंधित जागा आहेत, गुपितांचा कायदा १९२३पासून आहे, आणि पोरं उत्साहात ड्रोन उडवतील तर तुम्हालाच पोलीस ठाण्यात बसावं लागेल. गेटकडे कॅमेरा रोखायचाही नाही. ही अडचण मला तरी अडचण वाटत नाही. शस्त्राचा शॉट मिळणारच नाही म्हटल्यावर मुलं निवृत्त कामगाराच्या ओसरीवर जाऊन बसतील. त्याला काही विचारायच्या आधी साउंडवाल्या मुलाला खोलीचा आवाज दोन मिनिटं नुसता रेकॉर्ड करायला सांगा: पंखा, कुकरची शिट्टी, रस्ता. अशा कामगारांना अनेकदा कमी ऐकू येतं. प्रश्न मोठ्यानं विचारावे लागतील, आणि ते मोठ्यानं विचारलेले प्रश्न संकलनात काढू नका.